आपल्या नदीतील बारकी मासळी



पाऊस उघडून भीमा-नीरेचे पाणी जरा निवळले, की काठावरच्या वस्त्यांतली पोरे जुन्या लुगड्याची झोळी करून मासे धरतात. घरी आलेल्या त्या वाटीभर मासळीला आपण सरसकट 'चिल्लर' म्हणतो आणि तव्यावर टाकतो. आमचे म्हणणे एवढेच, की टाकण्याआधी एकदा पांढऱ्या ताटलीत पाणी घालून त्यात ती पाहावी. पाच-सहा जाती सहज निघतात.

अंगावर खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा आणि हाताला लागणारा काटा असेल, तर ती शिंगटी. तिची पिल्ले रोहू-कटल्याची समजून कोणी शेततळ्यात सोडू नयेत. मोठी झाली की ती बाकीचे बीज फस्त करतात. चपट्या रुपेरी अंगावर दोन काळे ठिपके, एक कल्ल्यामागे व दुसरा शेपटीकडे, ही खवलीची एक जात. मळ्या मात्र उलटा करून पाहावा लागतो. त्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा भाग असतो, त्याने तो वाहत्या पाण्यात दगडाला घट्ट चिकटून राहतो.

हे मळ्या नाव थेट लंडनला जाऊन आले आहे बरे का! कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने भीमा व तिच्या उपनद्यांतील मासे १८३९ साली शास्त्रात नोंदवले, तेव्हा मुल्या, फुलंगी, कोळस, शिंगाळा ही इथली नावे शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. आज ती पुस्तकात आहेत, पण आपल्या पोरांना ठाऊक नाहीत. जुन्या भोई मंडळींना विचारावे, ती अजून सांगतील.

शेपटी दुभंगलेली नसून गोल, तोंड वर वळलेले, मिशा मुळीच नाहीत आणि पाठीवरचा पर पार मागे, असा बोटाएवढा मासा दिसला तर तो बहुधा आपला नव्हे. तो गंबुशिया. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ साली तो भारतात आणला गेला. अळ्यांबरोबर दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लेही तो खातो.

आता जरा अवघड बोलतो. मळीचे किंवा गावाचे सांडपाणी नदीत शिरले, की पाण्यातला प्राणवायू घटतो. वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मळ्या तिथे तग धरत नाही. मरळीच्या जातीतला डोक पाण्यावर तोंड काढून हवा घेतो, म्हणून तो राहतो. ताटलीत नुसते डोक आणि गंबुशिया येऊ लागले, तर पाणी कसे आहे ते प्रयोगशाळेच्या आधी कळले म्हणायचे. गळीत हंगामात मासे मेले की बोट आपल्याकडे दाखवले जाते, आणि नुसते 'आमचे नव्हे' म्हणून भागत नाही, असे आम्हांस वाटते.

तेव्हा काठच्या सभासदांनी हंगामाआधी एकदा व हंगामात एकदा, त्याच डोहात झोळी टाकून मिळालेल्या जाती तारीख व ठिकाणासह वहीत लिहाव्यात. नाव ठाऊक नसल्यास मिशा किती, ठिपके कुठे, शेपटी कशी, एवढे लिहिले तरी चालेल.