सुपरमॅनचे पहिले वर्ष : आरंभीच्या चित्रकथांतील न्यायकल्पना

लोकप्रिय साहित्यातील एखादे पात्र दीर्घकाळ टिकले म्हणजे त्याचे उत्तरकालीन रूप हेच मूळ रूप होय, असा समज हळूहळू रूढ होतो. अमेरिकन चित्रकथांतील सुपरमॅन हे याचे ठळक उदाहरण आहे. आकाशात उडणारा, क्रिप्टन ग्रहावर जन्मलेला, क्रिप्टोनाइटपुढे हतबल होणारा आणि प्रस्थापित व्यवस्थेचे रक्षण करणारा वीर, असे त्याचे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. परंतु ‘ॲक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात यांपैकी काहीच आढळत नाही. तेथे त्याच्या ग्रहाला नाव नाही. तो उडत नाही. फार तर मैलाचा अष्टमांश एवढी उडी मारतो. आणि व्यवस्थेचे रक्षण करण्यापेक्षा तिच्यातील बलाढ्यांना जाब विचारणे, हेच त्याचे मुख्य कार्य आहे. या पहिल्या वर्षातील कथांमधून न्यायाची कोणती कल्पना व्यक्त होते आणि ती पुढे का मागे पडली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कथालेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोघांचाही जन्म १९१४ चा. स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील या दोन तरुणांची मैत्री क्लीव्हलंड येथील ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये जमली. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच चक्रमुद्रित करून काढलेल्या एका मासिकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले. मात्र तेथे ते एका खलपुरुषाचे होते. अन्नासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका निष्कांचन माणसास एक शास्त्रज्ञ अमानुष मानसिक सामर्थ्य देतो आणि तो त्याचा उपयोग जगावर सत्ता गाजविण्यासाठी करू पाहतो, असे ते कथानक होते. पुढे लेखकांनी ही कल्पना उलटी केली. अमानुष सामर्थ्य राहिले, हेतू पालटला.

नव्या रूपातील सुपरमॅन त्यांनी वृत्तपत्रांतील दैनिक चित्रमालिकेसाठी रचला होता. वृत्तपत्रांना अशा मालिका पुरविणाऱ्या संस्थांनी तो वारंवार नाकारला. अखेर दहा सेंट किमतीच्या, चौसष्ट पृष्ठांच्या नव्या मासिकात त्याला तेरा पृष्ठे मिळाली, तेव्हा दैनिक पट्ट्यांसाठी काढलेल्या चौकटी कापून पृष्ठांवर जुळविण्यात आल्या. मूळ आरंभाचा काही भाग त्यात गळला. त्यामुळे एका पृष्ठाच्या पूर्ववृत्तानंतर वाचक एकदम धावत्या प्रसंगात जाऊन पडतो. हा गळालेला दुवा ‘सुपरमॅन’ या स्वतंत्र नियतकालिकाच्या १९३९ च्या पहिल्या अंकात पुन्हा जोडण्यात आला. तेव्हा कथेतील आकस्मिकपणा ही सर्वस्वी शैलीची निवड नव्हे. तो अंशतः मुद्रणेतिहासाचा परिणाम होय.

पहिल्याच कथेत सुपरमॅन एका निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टाळण्यासाठी राज्यपालाच्या निवासात शिरतो, शयनगृहाचे पोलादी दार उखडतो आणि खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब त्याच्यापुढे ठेवतो. नंतर तो पत्नीला मारहाण करणाऱ्या एका पुरुषास धडा शिकवतो. कथेच्या अखेरीस तो वॉशिंग्टनला जातो आणि देशाला युरोपच्या संघर्षात ओढू शकणारे विधेयक संमत करून घेण्याच्या खटपटीत असलेल्या एका सिनेटरचा व त्याच्या मध्यस्थाचा माग काढतो. हे सूत्र दुसऱ्या अंकात शस्त्रनिर्मात्या नॉर्व्हेलपर्यंत पोहोचते. सुपरमॅन त्याला तुरुंगात पाठवत नाही. त्याने पुरविलेल्या शस्त्रांनी जेथे युद्ध चालले आहे, तेथे त्याला साधा सैनिक म्हणून भरती व्हावयास भाग पाडतो. तिसऱ्या अंकात खाणमालक ब्लेकली आपल्या श्रीमंत पाहुण्यांसह खाणीत उतरतो. सुपरमॅन दरड कोसळवून त्यांना आत अडकवतो, आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नादुरुस्त असल्याचा अनुभव मालकालाच येतो.

या कथांमधील समान रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. अपराध्याला मिळणारी शिक्षा म्हणजे त्याने इतरांवर लादलेली परिस्थिती होय. शस्त्रविक्रेत्याला तोफांचा मारा सोसावा लागतो. खाणमालकाला गुदमरावे लागते. अन्यायाचे मूळ केवळ दुष्टपणात नसून सुरक्षित अंतरात आहे, असे या कथा सुचवितात. ते अंतर नाहीसे करणे, हाच अतिमानवी बळाचा खरा उपयोग ठरतो.

समकालीन इतिहासाशी या विषयांचे नाते उघड आहे. १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतरची बेकारी, १९३३ पासूनचे रूझवेल्ट यांचे ‘न्यू डील’ धोरण आणि १९३४ ते १९३६ या काळात सिनेटर नाय यांच्या समितीने शस्त्रोद्योगाच्या नफ्याची केलेली चौकशी, ही त्या पिढीच्या चर्चेतील प्रकरणे होती. १९३७ साली गृहनिर्माणाचा संघीय कायदा झाला. जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात सुपरमॅन गलिच्छ वस्तीतील घरे स्वतः जमीनदोस्त करतो. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागात शासन नवी घरे बांधते, मग या वस्तीतच का नाही, असा त्याचा तर्क आहे. आणि शासनाला तेथे आधुनिक इमारती उभाराव्याच लागतात.

तथापि या न्यायकल्पनेची मर्यादाही दृष्टीआड करता येत नाही. खाणीच्या कथेत कामगार दुःख भोगतात, पण मालकाला वठणीवर आणणारा हात मात्र एकट्या वीराचा असतो. सुधारणा घडते ती अपराध्याच्या हृदयपालटाने. संस्था अथवा कायदा बदलून नव्हे. शिवाय ज्याचे बळ कोणासही उत्तरदायी नाही, त्याच्या सद्हेतूवर सारा न्याय अवलंबून राहतो. १९३३ च्या कथेतील खलपुरुष आणि १९३८ चा वीर यांच्यात हेतूखेरीज दुसरा कोणताही लगाम नाही, ही गोष्ट विसरता कामा नये.

हे स्वरूप फार काळ टिकले नाही. जून १९३९ च्या तेराव्या अंकात ‘अल्ट्रा-ह्यूमनाइट’ हा पहिला अतिसामर्थ्यवान प्रतिस्पर्धी अवतरला. एप्रिल १९४० मध्ये लूथर आला. अन्यायाचे कारण आता खाणीत वा विधिमंडळात न राहता एका विकृत बुद्धीच्या व्यक्तीत सामावले. फेब्रुवारी १९४० मध्ये नभोवाणीवर मालिका सुरू झाली, १९४१ मध्ये सचेतपट निघाले आणि पात्राचे व्यापारी मूल्य वाढले. ज्या वस्तूला सर्व थरांत गिऱ्हाईक हवे, तिने कारखानदाराशी भांडण मांडणे अवघड होते. महायुद्धाने तर राष्ट्रीय ऐक्य हाच प्रधान विषय केला. मूळ प्रवृत्ती पूर्णपणे लोपली मात्र नाही. १९४६ च्या नभोवाणी मालिकेतील कू क्लक्स क्लॅनसारख्या संघटनेविरुद्धचे कथानक त्याची साक्ष देते.

निर्मात्यांच्या वाट्याला आलेला न्याय हे या इतिहासाचे दुसरे अंग होय. मार्च १९३८ मध्ये पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरना, म्हणजे पृष्ठामागे दहा डॉलर या दराने, प्रकाशकांकडे गेले. ती रक्कम अंतर्भूत असलेला ४१२ डॉलरचा धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरना विकला गेला. पहिल्या अंकाच्या एका प्रतीला २०१४ साली ३२ लाख, तर २०२४ साली दुसऱ्या एका प्रतीला ६० लाख डॉलर मिळाले. सीगल व शुस्टर यांनी १९४७ मध्ये दावा लावला. १९४८ च्या तडजोडीत सुमारे ९४,००० डॉलर घेऊन त्यांना हक्क सोडावे लागले आणि कथांवरील त्यांची नावेही गेली. सुपरमॅनवरील मोठ्या चित्रपटाची सिद्धता चालू असता सीगल यांनी आपले गाऱ्हाणे वृत्तपत्रांतून मांडले. तेव्हा कोठे १९७५ मध्ये प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलरचे मानधन व नामनिर्देश मान्य झाला. शुस्टर १९९२ मध्ये व सीगल १९९६ मध्ये निवर्तले.

लोकप्रिय चित्रकथा ही सामाजिक इतिहासाची साधनसामग्री म्हणून वापरताना अंक, महिना व पाठ यांची निश्चिती किती आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून दिसून येईल. ‘सुपरमॅन’ या एका नावाखाली १९३३ चा खलपुरुष, १९३८ चा बंडखोर सुधारक आणि युद्धकालीन राष्ट्रवीर असे तीन भिन्न पुरुष नांदतात. त्यांतील कोणत्या पुरुषाविषयी आपण बोलत आहोत, हे प्रथम ठरविल्यावाचून त्याच्या लोकप्रियतेची मीमांसा करता येणार नाही.