पांढरं पाणी, सपाट पाणी

"पाऊस लागू द्या, मग कोलाडला राफ्टिंगला जाऊ," असा बेत औशात कुणी मांडला, तर त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही. तावरजा काय, तेरणा काय, आपल्या नद्या पावसाच्या जिवावर वाहतात. रायगड जिल्ह्यातल्या कोलाडच्या कुंडलिका नदीचं गणित मात्र वेगळं आहे. तिथली राफ्ट विजेवर चालते म्हटलं तरी चालेल. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून पाचशे मीटरच्या आसपास खाली उतरून भिरा वीजकेंद्रातली जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. १९२७ पासून हे चालू आहे. राफ्टिंगचं पाणी साधारण सकाळी सुटतं, काही तास नदी भरून वाहते आणि मग ओसरते. त्यामुळे भर एप्रिलातही तिथं वल्हं मारता येतं, आणि दुपारी रमतगमत पोचलेल्याला धोंडे बघून परतावं लागतं. पावसाळ्यात याच्या उलट घडतं. सोडलेल्या पाण्यात घाटातला पाऊस मिसळला की नदी फुगते आणि कधी कधी फेऱ्या रद्द होतात. ऋषिकेशला तर जुलै-ऑगस्टमध्ये गंगेवरचं राफ्टिंग बंदच असतं.

पुण्यापुढे ताम्हिणीच्या रस्त्यानं गेलात तर हेच पाणी घाटाच्या अलीकडे मुळशीच्या जलाशयात दिसेल. मुळात ते भीमेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला वाहणारं. या धरणात बुडणाऱ्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना, पूर्वेचं पाणी असं पश्चिमेला उतरताना बघून राफ्टिंगची मजा थोडी कडवट लागेल. लागू द्यावी.

"जितका फेस, तितका धोका" हेही पूर्ण खरं नाही. खळाळांची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. कुंडलिका एरवी दोन-तीनमध्ये बसते, म्हणजे गाईडबरोबर नवख्यांनाही झेपण्यासारखी. ही प्रत कायमची नसते, पाण्याबरोबर ती बदलते. पाणी वाढलं की काही धोंडे बुडून खळाळ सपाट होतो, तर काही ठिकाणी नवाच उसळतो.

"मला पोहता येतं, जॅकेट कशाला?" हा विहिरीत पोहायला शिकलेल्यांचा लाडका प्रश्न. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. अशा पाण्यात अंग कमी तरंगतं, हातही नीट लागत नाही. जॅकेटचे पट्टे घट्ट आवळायचे. खांद्याला धरून वर ओढल्यावर जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते ढिलं आहे. राफ्टमधून पडलात तर कंबरभर पाण्यातही उभं राहू नका. धोंड्यांच्या फटीत पाय अडकतो आणि प्रवाह अंगाला पुढे लोटून पाण्याखाली दाबतो. वेग दुप्पट झाला की तो जोर चौपट होतो. उताणं व्हायचं, पाय पुढे आणि वर ठेवायचे, फेकलेला दोर छातीशी धरायचा. दोर हाताला गुंडाळायचा नाही.

सगळ्यात घातक गैरसमज घराजवळचा आहे: "एवढ्याशा बंधाऱ्याला काय घाबरायचं?" मांजरा-तेरणेवर ठिकठिकाणी बंधारे आणि बॅरेजेस आहेत. लातूरजवळचे साई आणि नागझरी तर सगळ्यांना ठाऊक आहेत. पुराचं पाणी बंधाऱ्यावरून खाली पडतं तेव्हा पायथ्याशी वरचा थर मागे, भिंतीकडेच वळतो. सापडलेला माणूस खाली दाबला जातो, वर येतो, पुन्हा भिंतीशी ओढला जातो. नैसर्गिक खळाळात बहुधा कुठंतरी वाट असते, इथं भिंत या काठापासून त्या काठापर्यंत सलग असते. वरून बघणाऱ्याला मात्र पाण्याची एक गुळगुळीत, सरळ रेघ तेवढी दिसते. मुरलेले राफ्टवाले अशी रेघ दिसली की राफ्ट काठाला लावतात आणि ती उचलून बंधाऱ्याच्या खाली नेतात. कुणी त्यात सापडलाच, तर मागून उडी घेऊ नये. काठावरून दोर, बांबू, हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाकावं.