शत्रुराष्ट्रीय की निर्वासित?

दिनांक ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थान युद्धात सामील झाल्याचे जाहीर होताच येथील जर्मन नागरिकांची धरपकड सुरू झाली व पुष्कळांस अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत हिटलरच्या छळामुळे देशत्याग केलेले ज्यूही होते. सरकारने माणसाचा पूर्वेतिहास न पाहता केवळ पारपत्र पाहिले, आणि नाझी व त्यांच्या भयाने पळालेले एकाच कुंपणाआड आले. वस्तुतः ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पारपत्रांवर जर्मन सरकारच तांबडे 'जे' अक्षर उमटवीत असे. ओळखीस तेवढी खूण पुरेशी होती!

१९३४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ज्यू रिलीफ असोसिएशनने रदबदली केली, चौकशी समिती बसली व अनेकांची सुटका झाली. परंतु १९४० च्या मे-जूनमध्ये पश्चिम युरोप कोसळताच संशय पुन्हा बळावला. सुटलेल्यांपैकी कित्येकांस पुनश्च अटकाव झाला. पुरंदर व सातारा येथेही स्थानबद्धांची ठाणी झाली. पुढे २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानाने जर्मनीने परदेशस्थ ज्यूंचे नागरिकत्वच हिरावून घेतले.

याच काळात कोकणातील मराठीभाषी बेने इस्रायल ब्रिटिश प्रजाजन म्हणून मोकळे होते. धर्म दोघांचाही एकच होता.