मातीचा कारभार, शेतकऱ्यांच्या हाती

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी मुलखातली सुपीक माती धुळीच्या वादळांत उडून गेली. १९३५ साली मृद्‌संधारणाचा केंद्रीय कायदा झाला. पण खासगी शेतात बांधबंदिस्ती कशी करायची, हे वॉशिंग्टनमध्ये बसून ठरवणार कसं? म्हणून १९३७ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांच्या गव्हर्नरांना स्थानिक मंडळं स्थापन करण्यासाठीचा एक नमुना कायदा धाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनात ब्राउन क्रीक हे पहिलं मृद्‌संधारण मंडळ स्थापन झालं. आज देशभर अशी सुमारे तीन हजार मंडळं आहेत.

मंडळाचा कारभार बहुधा पाच जणांची समिती पाहते. काही सदस्य निवडून येतात, काही नेमले जातात. त्यांत स्थानिक शेतकरी बरेच. केंद्रीय खात्याचे तज्ज्ञ शेताची पाहणी करून आराखडा देतात. तो स्वीकारणं सहसा शेतकऱ्याच्या मर्जीवर.

खरी मेख पैशाची. नेब्रास्कातल्या २३ मंडळांना मालमत्ता कर लावता येतो. अनेक राज्यांत ती मुभा नाही. तिथे काउंटी आणि राज्याच्या अनुदानावर भिस्त. मग कुठे झाडांची रोपं विकायची, कुठे न नांगरता पेरणारं यंत्र भाड्याने द्यायचं. हक्काचा कर असेल तर दहा वर्षांचं नियोजन जमतं. नाहीतर दर अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसावं लागतं.