प्रयोगशाळेचे तापमान दोन अंशांनी बदलले तर?

धार जिल्ह्यातील गंधवानी हा भिल्ल आणि भिलाला समाजाची मोठी वस्ती असलेला परिसर. अशा आदिवासी पट्ट्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार अधिक आढळतो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये धार जिल्ह्यातच मध्य प्रदेशातील एक कोटीवे तपासणी कार्ड देण्यात आले. प्राथमिक तपासणी गावाजवळ होते. रक्तातील एकेका पेशीचा अभ्यास मात्र मोठ्या शहरांतील संस्थांत चालतो. मुंबईतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी रक्ताच्या आजारांवर, तर पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पेशींवर संशोधन करते. अशा संशोधनात लाखो पेशींतून हव्या तेवढ्याच निवडून काढणारे यंत्र लागते. त्याचे नाव सेल सॉर्टर. लाखो पेशी पारखणाऱ्या या यंत्राला खोलीच्या तापमानातील चढउतार मात्र मानवत नाही.

थेंबांची निवड

पेशी असलेला द्रव बारीक छिद्रातून धारेच्या रूपाने सोडला जातो. नेहमीच्या वापरातील एक छिद्र ७० मायक्रॉनचे, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढे असते. पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात. त्यांनी विखुरलेल्या आणि उत्सर्जित केलेल्या प्रकाशावरून यंत्र त्यांना ओळखते. सूक्ष्म कंपनांमुळे ही धार पुढे तुटते आणि सेकंदाला सुमारे ९० हजार थेंब पडतात. हवी ती पेशी असलेला थेंब धारेपासून सुटण्याच्या नेमक्या क्षणी त्याला विद्युतभार दिला जातो. भारित थेंब विद्युतपट्ट्यांमधून जाताना बाजूला वळतो आणि ठरलेल्या नळीत पडतो. १९६५ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर यांनी थेंब वळविण्याचे हे तंत्र पेशींसाठी वापरले. त्याचे मूळ शाईचे थेंब उडवून लिहिणाऱ्या यंत्रात होते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी त्याला प्रकाशमान रंगद्रव्यांची जोड दिली.

उष्णता कोठे नडते?

पेशी लेझरसमोर येणे आणि तिचा थेंब सुटणे यांत ठरावीक अवधी जातो. यंत्राची सारी भिस्त या अवधीवर असते. एका थेंबाच्या वाट्याला सेकंदाचा ९० हजारावा भाग येतो; हिशेब तेवढा चुकला तरी भार शेजारच्या थेंबाला मिळतो. मग नळीत रिकामा थेंब पडतो किंवा नको असलेली पेशी पडते.

तापमान हा हिशेब बिघडवते. २० अंश सेल्सिअसला पाण्याची जी श्यानता असते, ती ३० अंशांना सुमारे एक पंचमांशाने घटते. द्रव पातळ झाला की धारेचा वेग बदलतो आणि ती तुटण्याची जागाही सरकते. आधुनिक यंत्रांत कॅमेरा या जागेवर नजर ठेवतो आणि कंपने कमीजास्त करून तिला पूर्वस्थळी आणतो. पण ही दुरुस्ती मर्यादेपुरतीच चालते.

दुसरा फटका प्रकाशव्यवस्थेला बसतो. भिंगे आणि आरसे धरणारे धातूचे भाग उष्णतेने प्रसरण पावतात. लेझरचा झोत आणि पेशींची वाट यांची जुळणी काही मायक्रॉननी जरी ढळली, तरी संकेत मंदावतात. प्रकाश टिपणाऱ्या शोधकांची संवेदनशीलताही तापमानानुसार बदलते. परिणामी सकाळी आखलेली निवडीची सीमारेषा दुपारी गैरलागू ठरू शकते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. नमुन्याची नळी ४ अंशांवर थंड ठेवण्याची सोय यंत्रात असते. तिच्यामुळे पेशी टिकतात. धार आणि लेझर स्थिर राहत नाहीत.

उपाय साधे, पण नित्याचे

लेझर, पंप आणि संगणक स्वतःच उष्णता सोडतात. म्हणून वातानुकूलन केवळ कामाच्या वेळी नव्हे, तर अखंड चालू ठेवावे लागते. थंड हवेचा झोत थेट यंत्रावर येऊ नये. वाहक द्रवाची टाकी आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवावी. यंत्र पुरेसे तापल्यानंतर प्रमाणित सूक्ष्म मणी सोडून लेझरची जुळणी आणि थेंबांचा अवधी तपासावा. वीज जाऊन खोली तापली असेल, तर ही तपासणी पुन्हा करावी.

हाच नियम लहान प्रयोगशाळेलाही लागू पडतो. सिकलसेलच्या विद्राव्यता चाचणीचे द्रावण शीतपेटीतून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे लागते. हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या एचपीएलसी यंत्रात स्तंभाचे तापमान बदलले, की प्रत्येक प्रकार बाहेर पडण्याची वेळ सरकते. वैशाखातील धार-निमाडच्या उन्हात याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महागड्या यंत्राच्या खरेदीची बातमी होते, पण तापमापक आणि त्याच्या रोजच्या नोंदवहीकडे कोणी पाहत नाही. दूरच्या पाड्यावरील बालकाचे रक्त पुन्हा मागविणे सोपे नसते. त्याच्या अहवालाची विश्वासार्हता या नोंदवहीवरही अवलंबून असते.