मार्गदर्शकाची पारख

पेडणे महालातील आमच्या गावच्या भजनी मंडळाचे वयोवृद्ध प्रमुख गेल्या चातुर्मासात निवर्तले. त्यांच्या जागी कोणास बसवावे, हा प्रश्न मंडळापुढे आला. देवस्थान समितीची गोष्ट निराळी. गोव्यात १९३३ च्या नियमावलीप्रमाणे महाजन ती दर तीन वर्षांनी मतदानाने निवडतात. तिचा जमाखर्चही तपासता येतो. परंतु ज्याच्या शब्दावर माणसे आपले मन सोपवितात, त्याचा हिशेब कोणत्या वहीत पाहावयाचा?

नावे दोन होती. एक वक्तृत्वसंपन्न निरूपणकार. दुसरे पखवाज वाजविणारे मितभाषी गृहस्थ. मी पहिल्या नावाकडे झुकलो होतो, हे कबूल केले पाहिजे. मराठीच्या शिक्षकाला वाणीची भूल लवकर पडते.

अशा वेळी सोहिरोबानाथ आंबियांचे स्मरण झाले. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास ज्यांचे नाव दिले आहे, तेच हे अठराव्या शतकातील संतकवी. कुळकर्णाचे काम करणारे सोहिरोबा एकदा दरबारच्या बोलावण्यावरून निघाले असता वाटेत रानात फणस फोडून बसले. तोच एका गोसाव्याने हाक दिली, आणि त्यांनी फणस त्याच्यापुढे केला. तो गोसावी म्हणजे गहिनीनाथ, अशी भाविकांची श्रद्धा. पुढे त्यांनी कुळकर्ण सोडले. उत्तरेत महादजी शिंद्यांनी आपली कविता दाखविली, तेव्हा तिची खोटी स्तुती त्यांनी केली नाही, असेही सांगतात. या आख्यायिकांत चमत्काराहून वर्तन मोठे आहे: ज्याच्याकडून काही मिळावयाचे नाही त्याला देणे, आणि ज्याच्याकडून पुष्कळ मिळेल त्याच्यापुढे न वाकणे.

समर्थांनीही दासबोधाच्या पाचव्या दशकात, चमत्कार दाखविणारा तो सद्गुरू नव्हे, असे बजावले आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचा आरंभ होतो तो अमानित्वाने, म्हणजे मानाची हाव नसण्याने, पांडित्याने नव्हे.

चैत्रात डिचोली तालुक्यातील साखळीच्या विठ्ठलमंदिरी आम्ही उत्सवास गेलो होतो. एका विद्यार्थ्याने ओवीतील चुकलेला शब्द निरूपणकारांच्या नजरेस आणला, तेव्हा त्यांनी त्याला चारचौघांत झिडकारले. परतताना त्याच मुलाने पखवाजवाल्या गृहस्थांना ठेका चुकल्याचे सांगितले. त्यांनी हात जोडले आणि तो ठेका त्याच्याकडूनच पुन्हा म्हणवून घेतला. माझा निर्णय तेथेच झाला.

बेळगाव, बडोदे, इंदूर येथील मराठी घरांतही असे प्रसंग येत असतील. जुने कुलगुरू दूर राहिले, नव्यांची ओळख अपुरी. तेव्हा घाई करू नये. पैशाचा व्यवहार उघडा आहे काय, दुःखाच्या घरी ती व्यक्ती न बोलावता जाते काय, आणि विरोध सोसते काय, हे वर्षभर पाहावे. दासबोधात गुरुलक्षणानंतर लगेच शिष्यलक्षण आले आहे. निवडणाऱ्यानेही स्वतःला तपासावे, हेच त्यातून घ्यावयाचे.

आमचे नवे प्रमुख पदावर बसले ते एका अटीवर: चुकल्यास मंडळाने तोंडावर सांगावे. पहिली चूक आम्ही त्याच आठवड्यात सांगितली. त्यांनी ती मानली.