खनक मधमाशी

जमिनीत बीळ खणून त्यात घर करणाऱ्या एकलकोंड्या (समूहाने न राहणाऱ्या) मधमाश्यांना सामान्यपणे ‘खनक मधमाश्या’ म्हणतात. हायमेनॉप्टेरा गणाच्या अँड्रिनिडी कुलातील अँड्रीना हा त्यांचा एक प्रमुख वंश असून त्याच्या दीड हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. या वंशाची स्थापना योहान क्रिस्टियन फाब्रिसियस (१७४५–१८०८) या डॅनिश कीटकवैज्ञानिकांनी १७७५ मध्ये केली. आग्या, सातेरी व फुलोरी या परिचित मधमाश्यांप्रमाणे खनक मधमाश्या पोळे बांधीत नाहीत, मधाचा साठा करीत नाहीत आणि त्यांच्यात राणी व कामकरी असा भेदही नसतो. प्रत्येक मादी आपले बीळ स्वतः खणते व आपल्या संततीसाठी अन्नाची तरतूद एकटीच करते [⟶ मधमाशी].

या वंशातील अनेक जाती रंगाच्या बाबतीत इतक्या बदलत्या आहेत की, एकाच जातीच्या दोन माद्या प्रथमदर्शनी दोन भिन्न जातींच्या वाटतात. उलट दोन भिन्न जातींच्या माद्या एकसारख्या दिसतात. अँड्रीना हॅटॉर्फियाना ही यूरोपीय जाती याचे उत्तम उदाहरण आहे. फाब्रिसियस यांनी १७७५ मध्येच तिचे वर्णन केले होते. तिच्या ओळखीची पद्धती पाहिली म्हणजे बहुरूपी जाती ठरविताना कोणत्या लक्षणांवर किती विसंबावे, हे स्पष्ट होते.

वंशाची लक्षणे : जातीचा विचार करण्यापूर्वी माशी याच वंशातील आहे, याची खात्री करावी लागते. अँड्रीना मादीच्या चेहऱ्यावर संयुक्त नेत्रांच्या आतील कडेलगत आखूड व दाट लवेने भरलेली एकेक मखमली खाच असते. मागील पायांवर पराग वाहून नेण्यासाठी केसांचा झुपका असतो व पायाच्या बुडाशी वळलेल्या केसांची एक बटही असते. शृंगिकेच्या (स्पर्शेंद्रियाच्या) खाचेपासून खाली मुखफलकाकडे दोन बारीक शिवणी जातात. नरास परागवाहक केस व मखमली खाचा नसतात. त्याचे शरीर सडपातळ असते. त्यामुळे नर व मादी यांची ओळख स्वतंत्रपणे पटवावी लागते.

स्वरूप : अँड्रीना हॅटॉर्फियाना ही यूरोपातील या वंशाच्या मोठ्या जातींपैकी एक असून मादीची लांबी सुमारे १५ मिमी. भरते. तिच्या उदराची दोन रूपे प्रसिद्ध आहेत. एका रूपात उदराचे पहिले दोन खंड तांबडे व उरलेले काळे असतात. दुसऱ्यात सर्व उदर काळे असते. या दोन टोकांच्या दरम्यान, केवळ कडेला किंवा एखाद्या खंडाच्या काही भागावरच तांबडा रंग असलेल्या माद्याही आढळतात. दोन्ही रूपांत उदराच्या मधल्या खंडांच्या बाजूंवर आखूड पांढऱ्या केसांचे अरुंद, मध्ये तुटलेले पट्टे असतात आणि शेपटाकडील केसांची झालर नारिंगी-सोनेरी असते. नराचा मुखफलक फिकट पिवळसर असतो.

तांबडी व काळी रूपे एकाच जातीची मानण्यास चार आधार आहेत : (१) त्यांना जोडणारी मधली रूपे सापडतात, (२) रंग वगळता शरीररचनेत भेद दिसत नाही, (३) दोन्ही रूपे एकाच ऋतूत व एकाच फुलांवर वावरतात, (४) त्यांना अनुरूप असे नरांचे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. यांपैकी एकच आधार घेऊन निर्णय करणे धोक्याचे असते.

बदलांची कारणे : खनक मधमाश्यांच्या रूपात पडणारे फरक एकाच प्रकारचे नसतात, त्यांची कारणे वेगवेगळी असून ती वेगळी ओळखता येणे आवश्यक असते. हॅटॉर्फियानाचा तांबडा रंग हा कवचाचा रंग आहे. तो माशी कोशातून बाहेर पडते त्या वेळीच ठरलेला असतो व पुढे झिजत नाही. केसांचा रंग मात्र टिकत नाही. ताज्या माशीचे तपकिरी केस काही आठवड्यांच्या उन्हाने करडे पडतात आणि बिळात जा-ये करताना पांढरे पट्टे झडून जातात. म्हणून जीर्ण झालेल्या मादीची ओळख केसांवरून करू नये.

वर्षातून दोन पिढ्या होणाऱ्या जातींत पिढीनुसारही फरक पडतो. इंग्लंडमधील सफक परगण्यातील धर्मोपदेशक व कीटकवैज्ञानिक विल्यम कर्बी (१७५९–१८५०) यांनी १८०२ मध्ये इंग्लंडमधील मधमाश्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मिन्यूट्यूला व पार्व्ह्यूला या दोन लहान माश्यांना स्वतंत्र जाती म्हणून नावे दिली. पुढे असे दिसून आले की, पार्व्ह्यूला ही अँड्रीना मिन्यूट्यूला याच जातीची वसंत ऋतूतील पिढी आहे. हॅटॉर्फियानाची वर्षातून एकच पिढी होत असल्याने तिच्या बाबतीत हा गोंधळ संभवत नाही.

चौथे कारण परजीवीचे (दुसऱ्या जिवावर जगणाऱ्या प्राण्याचे) आहे. कर्बी यांनी त्याच ग्रंथात स्टायलॉप्स या विलक्षण परजीवी कीटकाचे वर्णन केले. त्याची मादी माशीच्या उदरात राहते व तिचे डोके तेवढे उदरखंडांच्या फटीतून बाहेर डोकावते. अशी बाधा झालेल्या काही अँड्रीना जातींच्या माद्यांत परागवाहक केस कमी होतात व चेहऱ्यावर नराप्रमाणे पिवळा रंग उमटतो. बाधित नरांत उलट प्रकार घडतो. नमुन्याच्या उदरखंडांच्या कडा भिंगाखाली तपासल्याशिवाय असा नमुना ‘नवे रूप’ म्हणून नोंदविणे योग्य नव्हे.

अन्नवनस्पती : हॅटॉर्फियानाच्या ओळखीचे एक बळकट साधन तिच्या शरीराबाहेर आहे. ही माशी आपल्या संततीसाठी पराग जवळजवळ केवळ स्कॅबियस गटातील वनस्पतींचाच आणते. त्यांतही क्नॉटिया आर्व्हेन्सिस या, कुरणात वाढणाऱ्या व निळसर जांभळ्या फुलोऱ्यांच्या वनस्पतीवर तिचा मुख्य भर असतो. पूर्वी डिप्सॅकेसी या स्वतंत्र कुलात घातल्या जाणाऱ्या या वनस्पती आता कॅप्रिफोलिएसी कुलात समाविष्ट करतात. क्नॉटियाचा पराग गुलाबी असल्याने घराकडे परतणाऱ्या मादीचे मागील पाय गुलाबी ओझ्याने भरलेले दिसतात. उन्हाळ्याच्या मध्यावर, मुख्यतः जून अखेर ते ऑगस्ट या काळात, क्नॉटियाच्या फुलोऱ्यावर गुलाबी पराग गोळा करणारी मोठी खनक मधमाशी दिसल्यास तिचे उदर तांबडे आहे की काळे, हा प्रश्न गौण ठरतो.

तत्सम जाती : स्कॅबियसच्याच फुलांवर अँड्रीना मार्जिनॅटा ही दुसरी जाती येते. तीही बहुरूपी असून मादीचे उदर जवळजवळ पूर्ण नारिंगी ते बहुतांशी काळे अशा सर्व छटांत आढळते. केवळ रंग पाहिल्यास दोहोंत घोटाळा होण्याचा संभव असतो. परंतु मार्जिनॅटा सुमारे १० मिमी. लांबीची, म्हणजे बरीच लहान असते. अँड्रीना फ्लोरिया या जातीच्या उदरावरही तांबडे पट्टे असतात व त्यांचे प्रमाण कमीअधिक असते. मात्र ती भोपळ्याच्या कुलातील ब्रायोनिया या वेलीचाच पराग गोळा करते. मकरंदासाठी माशी इतर फुलांवरही उतरते. त्यामुळे ती कोणत्या फुलावर बसली यापेक्षा तिच्या पायांवर कोणता पराग आहे, याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

जातिनिश्चितीची पद्धती : प्रथम लिंग व वंश ठरवून मग आकारमान, ऋतू, प्रदेश व पराग यांची नोंद करतात. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली मखमली खाचांची रुंदी, कवचावरील बारीक खळग्यांची दाटी, पृष्ठभागाची चकाकी व नराच्या जननेंद्रियांची घडण तपासतात. रंगाचा विचार सर्वांत शेवटी करतात. ब्रिटनमधील अँड्रीना जातींची मांडणी आर. सी. एल. पर्किन्स यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली व तिचा उपयोग पुढे दीर्घकाळ होत राहिला. एकविसाव्या शतकात तंतुकणिकेतील एका ठराविक जनुकाच्या डीएनए क्रमावरून जाती पडताळण्याची पद्धतीही रूढ झाली. तथापि निकटच्या सर्वच जाती तिने वेगळ्या होत नाहीत. म्हणून रचना, वर्तन व जनुकीय पुरावा यांचा एकत्रित विचार करावा लागतो. छायाचित्रांत खळगे व खाचा क्वचितच स्पष्ट दिसतात. त्यामुळे लहान व दुर्बोध जातींच्या बाबतीत नमुना जतन करणे आवश्यक ठरते. हॅटॉर्फियानासारखी मोठी माशी मात्र परागासह नीट पाहिल्यास बहुधा जिवंतपणीच ओळखता येते.

घर व जीवनक्रम : मादी वालुकामय किंवा भुसभुशीत जमिनीत, पुष्कळदा गवताच्या आडोशाला, बीळ खणते. बिळाच्या शाखांच्या टोकांशी कोठड्या असतात. उदरातील ग्रंथीच्या स्रावाने मादी कोठडीच्या भिंतीस ओल न लागू देणारे अस्तर देते. पराग व मकरंद यांचा गोळा करून त्यावर एक अंडे घालते व कोठडी बंद करते. पुढील पिढी हिवाळा कोठडीतच काढते व पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडते. नर माद्यांच्या थोडे आधी बाहेर येतात.

नोमाडा आर्माटा ही परोपजीवी मधमाशी हॅटॉर्फियानाच्याच घरात अंडी घालते. कोकिळा कावळ्याच्या घरट्याचा उपयोग करून घेते, तसाच हा प्रकार आहे. तिची अळी यजमान माशीच्या अंड्याचा किंवा अळीचा नाश करून साठविलेला पराग खाते. ही माशी स्वतः पराग गोळा करीत नसल्याने क्नॉटिया, हॅटॉर्फियाना व नोमाडा अशी एकमेकींवर अवलंबून असलेली साखळी तयार होते.

ऱ्हास व संरक्षण : हॅटॉर्फियानाची संख्या यूरोपच्या अनेक भागांत घटली आहे. इंग्लंड व वेल्समधील सखल प्रदेशातील नैसर्गिक स्वरूपाच्या कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के कुरणे १९३२ ते १९८४ या काळात नांगरणी, खतांचा वापर इ. कारणांनी नष्ट झाली. दक्षिण इंग्लंडमधील सॉल्झबरी मैदानाचा मोठा भाग सैनिकी सरावासाठी राखलेला असल्याने तेथील खडूयुक्त जमिनीवरील कुरणे टिकली व हॅटॉर्फियाना आणि नोमाडा आर्माटा या दोहोंना तेथे आश्रय मिळाला. स्वीडनमध्ये मॅग्नस लार्सन व मार्कस फ्रान्झेन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या माशीची परागाची गरज व क्नॉटियाच्या झाडांपासून मिळणारा पराग यांचा मेळ घातला. एखाद्या स्थळी किती माद्यांचा निर्वाह होईल, हे तेथील क्नॉटियाच्या संख्येवर अवलंबून असते. फुलोऱ्याच्या ऐन काळात कुरण कापल्यास माशीचे सर्व अन्न एका दिवसात नाहीसे होते. कापणी उशिरा केल्यास किंवा काही पट्टे न कापता ठेवल्यास ही हानी टळते.

ओळखीतील चूक अशा वेळी केवळ नावापुरती राहत नाही. काळी रूपे दुसऱ्या जातीची समजून वगळल्यास संख्या वास्तवापेक्षा कमी भरते. मार्जिनॅटाच्या नारिंगी माद्या हॅटॉर्फियाना म्हणून मोजल्यास लोप पावत असलेली जाती सुरक्षित भासते. दोन्ही प्रसंगी कापणीचा काळ ठरविणाऱ्यांच्या हाती चुकीची माहिती जाते.

भारतातील जाती : अँड्रीना हॅटॉर्फियाना भारतात आढळत नाही. या वंशाच्या भारतीय जाती मुख्यतः हिमालयात व उत्तरेकडील प्रदेशांत असून तेथील मोहरीवर्गीय पिकांच्या परागणात त्यांचा वाटा आहे. चार्ल्स टॉमस बिंगॅम यांनी १८९७ मध्ये भारतातील गांधील माश्या व मधमाश्यांवर लिहिलेल्या ग्रंथात यांतील काही जातींची वर्णने दिली आहेत. महाराष्ट्रात जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांत हॅलिक्टिडी कुलातील जातींचे प्रमाण मोठे आहे. आकारमान, ऋतू, पराग व शरीररचना आधी आणि रंग शेवटी, हा क्रम त्यांच्या ओळखीसही तितकाच लागू पडतो.